शांतही, थंडही: डेस्कटॉपच्या पंख्याची गोष्ट

पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक सुरू झाला. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत सी-डॅकने उभारलेल्या या यंत्राला थंड ठेवण्याचं काम थेट पाण्यावर सोपवलेलं आहे. ते सयुक्तिकच आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं, म्हणून थोडं पाणी सावकाश फिरलं तरी काम होतं.

घरच्या डेस्कटॉपची भिस्त बहुधा हवेवरच असते. हवा हलवायची तर पंखा हवा, आणि पंख्यासोबत त्याची घरघर येते. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात एकाचं रात्री काम चालतं आणि दुसऱ्याला पहाटे उठायचं असतं. तिथे ही घरघर झोपेवरच येते. ती मुकाट्याने सोसायची गरज नाही. संगणक शांत केला तर तापेल, ही भीतीही बरीचशी अनाठायी आहे.

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. समजा तो २०० वॉट घेतो आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानात १० अंशांचा फरक चालणार आहे. मग दर सेकंदाला साधारण १७ लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. ही गरज टळत नाही, पण तेवढी हवा कशी हलवायची, हे आपल्या हातात असतं.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणून एका वेगवान पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे तसेच दोन पंखे शेजारी-शेजारी लावले, तर मोकळ्या वाटेत हवा साधारण तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलच्या आसपास घटतो. मोठ्या पंख्याचा फायदाही हाच. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे तो संथ फिरूनही पुरतो.

मात्र नवा पंखा आणण्याआधी हवेची वाट तपासावी. पुण्यात सतत बांधकामं चालू असतात, रस्ते खणलेले असतात. ती धूळ हीट सिंकच्या पात्यांमध्ये गच्च बसते. संगणक बंद करून, वायर काढून कॅबिनेट गॅलरीत न्यावं आणि ब्लोअरने साफ करावं. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत; झोताने भन्नाट फिरली तर बेअरिंगला इजा होते. काही वर्षांनी चिप आणि हीट सिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळते, तीही पुसून नवी लावावी. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल तर बाहेर काढावं, कारण तिथे गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, एवढी दिशा सांभाळावी.

यानंतर वेगाकडे वळावं. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड तापमानानुसार बदलतो आणि बायोसमध्ये तो आपल्याला ठरवता येतो. तापमान क्षणभर चढलं की लगेच पंखा उसळू नये, म्हणून तिथे काही सेकंदांचा विलंब ठेवावा. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, सारखा चढणारा-उतरणारा आवाज मात्र झोप मोडतो. जुन्या हार्ड डिस्कचा थरकाप पत्र्यातून घुमत असेल तर तिच्या स्क्रूंखाली रबर घालावं. एसएसडी लावली तर तो आवाज मुळातूनच जातो, कारण तिच्यात फिरणारा भागच नसतो.

ही सगळी जुळणी पारखायची ती एप्रिल-मेच्या दुपारी, खोली तापलेली असताना. अर्धा तास जड काम लावून चिपचं तापमान पाहावं. ते ८०-८५ अंशांच्या आत स्थिरावलं, तर पंख्याचा वेग आणखी थोडा उतरवून पुन्हा पाहावं. डिसेंबरच्या गारठ्यात बेतलेला वेग उन्हाळ्यात पुरेलच असं नाही, पण मेमध्ये टिकलेली जुळणी वर्षभर निर्धास्त चालते.