वर्दीसाठी पदवी हवी, पण कोणती?

मे महिन्याच्या बैठकीत आमच्या गटापुढे कर्जाचा एक अर्ज आला. गटातल्या एका ताईची लेक बारावी झाली, तिला पोलिसात जायचं आहे. शहरातल्या एका संस्थेने तिला सांगितलं, ‘सुरक्षा व्यवस्थापनाची पदवी घे, नोकरी पक्की.’ पहिल्या वर्षाची फी साठ हजार. तेंदूपत्त्याचे वीस हजार घरात होते, उरलेले चाळीस गटाने द्यावेत, असं आईचं म्हणणं. शेकडा दोनने महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज! आम्ही अर्ज आठ दिवस बाजूला ठेवला आणि चौकशीला लागलो.

पहिल्याच दिवशी कळलं, की महाराष्ट्र पोलिसात शिपाई व्हायला पदवी लागतच नाही. बारावी पुरते. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, गोळाफेक, असे मैदानाचे ५० गुण. मग १०० गुणांची लेखी परीक्षा. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांच्या शिपाई भरतीला तर दहावी चालते.

पदवी लागते ती वरच्या पदाला. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे आपला फौजदार, व्हायचं तर पदवी हवी. पण शाखा कोणतीही चालते. आमच्या साध्या बी.ए.ला लोक हसायचे. तीच फौजदारकीच्या अर्जात चालते, हे ऐकून आम्हीच गप्प झालो.

मग संस्थेला फोन लावून एकच विचारलं : पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? दोनदा उत्तर टाळलं. तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही. ताईंनो, हा प्रश्न फीच्या आधी विचारायचा. विद्यापीठाचं नाव कळलं की ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या यादीत आहे का, ते मोबाईलवर पाहता येतं. आयोगाची मान्यता नसलेली पदवी सरकारी नोकरीत कामाची नाही.

सुरक्षेचंच शिक्षण देणारं खरं विद्यापीठही आहे. गुजरातेत गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, २०२० च्या केंद्राच्या कायद्याने झालेलं. पण आपल्या घरून तिथे शिकायचं म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च आलाच. जिला झेपेल तिने जरूर जावं. फौजदारकीसाठी मात्र तिथे जायलाच हवं असं नाही.

जवळचं बघाल तर चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, त्याची महाविद्यालयं आपल्या भागात आहेत. घरची शेती, रोवणी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्याची बी.ए. कॉलेजातल्या बी.ए.इतकीच धरली जाते. तरी आमचं मत रोजच्या कॉलेजकडे झुकलं, कारण एनसीसी. मुक्त विद्यापीठात घरी बसून ती मिळत नाही, आणि एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असलं तर केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत जादा गुण मिळतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजात मुलींची एनसीसी आहे का, ते विचारा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. जात वैधतेला फार वेळ लागतो, ते काम बारावीतच सुरू करा. आमच्या एका पोरीचं वर्ष त्यापायीच गेलं होतं. आणि घरात गोंडी किंवा माडिया बोलत असाल तर पोरींशी बोलत राहा. गडचिरोलीच्या पोलीस भरतीत त्या भाषांचा पेपर झालेला आहे.

शेवटी गटाने चाळीस हजार नाही, सहा हजार मंजूर केले : प्रवेश, पुस्तकं आणि धावायचे बूट. लेकीने बी.ए.ला नाव घातलं. शिपाई भरतीची जाहिरात निघाली की तोही अर्ज भरणार आहे. आई थोडी नाराज होती, तिला ‘सुरक्षा’ हा शब्द पदवीवर हवा होता. आता पहाटे पाचला लेकीसोबत रस्त्यावर तीच बॅटरी घेऊन उभी असते. गावात धावायला मैदान नाही. येत्या ग्रामसभेत आम्ही तो विषय घेणार आहोत.