मॅनरिंगबाईंना पडद्यावर कोणी आणलं?

बीबीसीची ‘डॅड्स आर्मी’ ही मालिका 1968 ते 1977 अशी नऊ वर्षं चालली. तिचे 80 भाग झाले आणि तेवढ्या भागांत कॅप्टन मॅनरिंगची बायको कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. तिचा फोन मात्र यायचा. बँकेत आणि पलटणीत सगळ्यांवर डाफरणारा हा बुटका, गोल माणूस रिसीव्हर कानाला लावला की ओशाळवाणा व्हायचा, ‘हो एलिझाबेथ, नाही एलिझाबेथ’ करत राहायचा. एका भागात मॅनरिंग खालच्या फळीवर झोपलाय आणि वरची फळी एलिझाबेथच्या वजनानं पार त्याच्या अंगापर्यंत वाकलीय. वर पाठीचा घेर दिसतो, तेवढंच काय ते दर्शन.

2016 साली या मालिकेवर चित्रपट निघाला आणि त्यात एलिझाबेथ सरळ समोर येऊन उभी राहिली. अंगावर गणवेश, करडा आवाज, हाताखाली बायकांची तुकडी. फेलिसिटी माँटॅग्यूनं काम वाईट केलेलं नाही. पण नऊ वर्षं प्रत्येक प्रेक्षकानं आपापली एलिझाबेथ मनात रचलेली होती आणि त्यातली कोणतीच हिच्याशी जुळणारी नव्हती. लोकांच्या लाडक्या विनोदी मालिका चित्रपटात जाऊन का आपटतात, हे या एका निर्णयावरून बरंचसं कळतं.

मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मे 1940 मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि पुढची पाळी आपली, या धास्तीनं ब्रिटिश सरकारनं रेडिओवरून स्वयंसेवकांना हाक दिली. सैन्यात जायचं वय उलटून गेलेले किंवा अजून न झालेले लोक ‘होम गार्ड’मध्ये भरती झाले. सुरुवातीला बंदुकाही नव्हत्या. जिमी पेरी पोरवयात स्वतः त्यात होता. पुढे त्यानं डेव्हिड क्रॉफ्टच्या जोडीनं ही मालिका लिहिली. समुद्रकाठचं वॉल्मिंग्टन हे काल्पनिक गाव, तिथल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग हा स्वयंघोषित कॅप्टन आणि बँकेतला त्याचा दुय्यम विल्सन हा सार्जंट. मॅनरिंग खालून खस्ता खात वर आलेला. विल्सन खानदानी, महागड्या शाळेत शिकलेला, देखणा, आळसावलेला. पलटणीला रांगेत उभं करायचं तर विल्सन हुकूम सोडत नाही. फारसा त्रास होणार नसेल तर उभे राहता का, अशा सुरात विनंती करतो. मॅनरिंगचा चेहरा त्या वेळी पाहावा. हुद्दा आपला, पण रुबाब त्याचा, हे त्याला कळत असतं आणि आपल्याला कळलंय हे तो कबूल करू शकत नसतो. ब्रिटनमधल्या वर्गभेदावर जाडजूड पुस्तकं निघाली असतील, मॅनरिंग झालेला आर्थर लो आणि विल्सन झालेला जॉन ले मेझुरिए ते काम दोन नजरांत उरकायचे.

हे सगळं घडायचं मुख्यतः चर्चच्या हॉलमध्ये, अर्ध्या तासात. हॉल कोणी कधी वापरायचा यावरून पाद्रीबुवांशी आणि भाजीवाल्या वॉर्डनशी भांडण ठरलेलं. शेवटी पलटणीची फजिती किंवा निसटता विजय, आणि पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोणी काही शिकत नाही, कोणी सुधारत नाही. कोंडलेली जागा आणि न बदलणारी माणसं हेच या जातीच्या विनोदाचं भांडवल. चित्रपटाला नेमकं उलटं हवं असतं: मोकळी जागा, मोठा धोका, बदललेला नायक आणि दीड तासाच्या अखेरीस एकदाचा निकाल.

मग निर्माते या वाटेला जातात तरी का? नाव आयतं मिळतं म्हणून. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधला प्रेक्षक घरच्या टीव्हीसमोर बसला होता आणि हॉलिवूडचा पैसा आटत चालला होता. त्याच प्रेक्षकाला टीव्हीवरचीच माणसं दाखवून थिएटरात खेचायचं, अशी टूम निघाली. ड्रॅक्युलाच्या जिवावर नाव काढलेल्या हॅमर कंपनीनं 1971 मध्ये ‘ऑन द बसेस’ काढला आणि गल्ला भरला. मग रांगच लागली. नवीन काही सुचलं नाही की अख्ख्या पात्रसंचाला सहलीला पाठवायचं, हा त्यातला हुकमी तोडगा. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ मधल्या कापडदुकानातल्या विक्रेत्यांना 1977 मध्ये स्पेनला धाडलं. काउंटर सुटला आणि विनोदही मागे दुकानातच राहिला.

‘डॅड्स आर्मी’वरचा पहिला चित्रपट 1971 चाच. तेव्हा मालिका ऐन भरात होती, पात्रांची मूळ मंडळी होती, लेखकही तेच. पण पैसा कोलंबिया या अमेरिकी कंपनीचा, आणि तिच्या सूचनांनी पेरी-क्रॉफ्ट वैतागले. मालिकेत जर्मन क्वचितच समोर यायचे. खाडीपलीकडे ते आहेत एवढं पुरे असायचं. चित्रपटात नाझी अधिकारी सुरुवातीलाच समोर आले. धास्तीला चेहरा मिळाला आणि ती कमी झाली. तरी एक प्रसंग मोठ्या पडद्याला शोभेल असा आहे: पांढऱ्या घोड्यावर ऐटीत बसलेला मॅनरिंग तराफ्यासकट नदीतून वाहत निघतो आणि चेहऱ्यावरचा अधिकार जराही ढळू देत नाही.

ही अडचण खरी ओळखली ती ‘पॉरिज’वाल्यांनी. स्लेड तुरुंगातला मुरलेला कैदी फ्लेचर, म्हणजे रॉनी बार्कर, याच्यावरची ही मालिका. 1979 च्या चित्रपटात फ्लेचर आणि त्याचा तरुण सोबती गॉडबर, दुसऱ्याच कैद्याच्या पळण्याच्या बेतात सापडून नकळत बाहेर पडतात. सुटका झाली, तर शिक्षा वाढणार! म्हणून कोणाच्या लक्षात यायच्या आत चोरून पुन्हा तुरुंगात शिरायची त्यांची धडपड, हीच गोष्ट. चित्रपटाला बाहेरचं जग मिळालं आणि पात्रांची ओढ राहिली कोठडीकडे. डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या लेखकांनी मालिकेची मर्यादाच कथानक म्हणून वापरली. इतकं साधं उत्तर पुढे फार कोणी उचललं नाही, याचं नवल वाटतं.

2016 च्या ‘डॅड्स आर्मी’कडे नटांची कमतरता नव्हती. मॅनरिंग टोबी जोन्स, विल्सन बिल नाय, शिवाय टॉम कोर्टनी आणि मायकेल गॅम्बन. काळ मात्र 1944 चा घेतला. तोवर जर्मन येतील ही भीती ओसरली होती, उलट दोस्तांच्याच फौजा फ्रान्समध्ये उतरायच्या बेतात होत्या. 1940 मध्ये ही म्हातारी मंडळी हास्यास्पद होती आणि तरी खरोखर मरायला तयार होती. चार वर्षं पुढे सरकताच ती नुसती हास्यास्पद उरली. मग धोका आणायचा कुठून? तर कॅथरिन झीटा-जोन्सच्या रूपात एक देखणी हेर आणली, सगळी पलटण तिच्यामागे पाघळली, आणि शेवटी समुद्रकिनारी गोळीबार.

चेहऱ्यांचा प्रश्न तर होताच. सौम्य, सारखा लघवीला जाणारा गॉडफ्री मालिकेत आर्नल्ड रिडली करायचे. पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत ते जबर जखमी झाले होते. त्यांच्या संथ हालचालीत जे होतं ते गॅम्बनसारखा थोर नटही कुठून आणणार? मॅनरिंगचा जन्म कागदावर झाला खरा, पण लोकांनी तो आर्थर लोच्या चेहऱ्यातच पाहिला. आपल्या चिमणरावाचं तसं नाही. चिं. वि. जोशींनी त्याला पुस्तकात जन्माला घातलं, 1940 मध्ये मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावं करून’मध्ये विष्णुपंत जोग आणि दामुअण्णा मालवणकरांची जोडी दाखवली, आणि तरी पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले तेव्हा मराठी माणसानं त्यांना आनंदानं घरात घेतलं. त्या मालिकेवरून ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही याच जोडीला घेऊन निघाला, ‘खिचडी’ या हिंदी मालिकेचा 2010 मध्ये चित्रपट झाला त्याच्या कितीतरी आधी. पुस्तकातल्या पात्राला वाचकागणिक वेगळा चेहरा असतो, त्यामुळे नट बदलला तरी चालतं.

पण मग नटाच्या चेहऱ्यात रुतलेलं पात्र दुसऱ्यानं करूच नये का? ‘डॅड्स आर्मी’पुरतं याचं उत्तर 2019 मध्ये मिळालं. बीबीसीनं जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या होत्या, त्यात या मालिकेचे तीन भाग कायमचे गेले. संहिता मात्र शिल्लक होत्या. गोल्ड वाहिनीनं त्या नव्या नटसंचाकडून करून घेतल्या. मॅनरिंग केविन मॅकनॅली, विल्सन रॉबर्ट बॅथर्स्ट. लांबी अर्ध्याच तासाची, हॉल चर्चचाच, हेर नाही, समुद्रकिनारी गोळीबार नाही. पहिली काही मिनिटं मॅकनॅली आर्थर लोची नक्कल करतोय असं वाटतं. मग विल्सन काहीतरी मऊपणे सुचवतो, मॅनरिंग ते झिडकारतो आणि क्षणभरानं तीच कल्पना स्वतःची म्हणून पलटणीला ऐकवतो. तिथे हसू येतं, आणि समोर कोण नट आहे याचा हिशेब आपण सोडून देतो.