लेकरू सांगतं तेव्हा आधी ऐका



साखरखेर्ड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला की बोलणं पोरांवर येतंच. एकदा एक मैत्रीण म्हणाली, "दुसरीतल्या पोरीला शाळेत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवला. एवढ्याशा लेकराला हे कशाला?" त्यावर कोपऱ्यातली एक ताई हळूच बोलली, "मी लहानपणी मायला सांगितलं होतं. ती म्हणाली, गप बैस. मग मी पुन्हा कधीच काही सांगितलं नाही." सगळ्या गप्प झाल्या.

शाळेत नेमकं काय शिकवतात? शरीर आपलं आहे. चड्डी-बनियनच्या आतल्या भागाला कोणी उगाच हात लावू नये. आंघोळ घालताना मायनं किंवा तपासताना, माय जवळ असताना, डॉक्टरांनी लावला तर ती गोष्ट वेगळी. कोणाचा स्पर्श नको वाटला तर जोरात "नाही" म्हणायचं, तिथून निघायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. "कोणाला सांगू नको" असं कोणी बजावलं, तर ते हमखास सांगायचं. हे पोरांनाही तितकंच लागू आहे.

लहानपणीच शिकवायचं, कारण त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाला, तो बालवाडीतल्या चिमुकल्यांनी घरी सांगितलं आणि घरच्यांनी ऐकलं म्हणून.

पण शाळेनं शिकवलं आणि घरी आपण "असं बोलू नये" म्हटलं, तर शिकवलेलं वाया जातं. म्हणून लेकरू बोललं की आधी ऐकून घ्या. रागावू नका, खोदून खोदून विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा.

बदनामीची भीती वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी सोय आहे. लेकराचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, तीही गणवेशात नसते. लेकराचं नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, मग तो नात्यातला असो की गावातला. १०९८ हा फोन मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो.

शाळेत आपलं काम आहेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे तिथं आपल्याला बोलायचा हक्क आहे. तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतं, सखी सावित्री समितीची बैठक कधी झाली, हे पुढच्या सभेत विचारा.

आणि आज रात्री भाकरी करताना लेकराला जवळ बसवा. "आज शाळेत काय झालं?" विचारा, आणि त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या.