साबण ओला आहे तोवर

जास्वंदीचा शेंडा आखडला, कोवळी पाने गोळा होऊन वळली, की ती हाताने उलगडून पाहावीत. आत पांढरे, पिठूळ, चिकट काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण. खालच्या पानांवर त्याचा चिकटा सांडलेला असतो, चिकट्यावर काळी बुरशी धरलेली असते आणि त्या गोडाच्या ओढीने मुंग्यांची रांग कुंडीपासून शेंड्यापर्यंत लागलेली असते. अशा वेळी मी आधी साबणाच्या पाण्याकडे वळतो. झाड नीट पाहिल्याशिवाय हा उपाय करताच येत नाही, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

आधी साबण निवडायचा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचे लिक्विड ही बहुधा डिटर्जंट असतात. त्यांनी किडीबरोबर पानावरचे मेणही निघते आणि पाने कडेने करपतात. वेष्टनावर टीएफएम छापलेली अंघोळीची वडी घ्यावी. टीएफएम म्हणजे वडीतल्या स्निग्धाम्लांचे प्रमाण. पहिल्या श्रेणीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असते आणि कीड मारण्याचे काम या स्निग्धाम्लांचेच. बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा मऊ साबण याहून चांगला. वडी किसणीवर किसून ५ ग्रॅम कीस वाटीभर कोमट पाण्यात विरघळवावा, गाळावा आणि पाणी घालून लिटरभर करावा.

पाणी शक्यतो बोअरचे नको. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात, फेस मरतो आणि पांढरा साका जमतो. साबण असा पाण्यातच खर्ची पडला की किडीसाठी काही उरत नाही; शिवाय फवाऱ्याची तोटी तुंबते. साठवलेले पावसाचे पाणी सगळ्यात उत्तम.

फवारणी ऊन चढण्याआधी करावी. नुसते पाणी पिठ्या ढेकणाच्या मेणावरून ओघळून जाते. साबणाचे पाणी मात्र पसरते, मेणाखाली शिरते, किड्याच्या पेशींची आवरणे फोडते आणि श्वासाची छिद्रे बुजवते. मावा, तुडतुड्यांची पिल्ले, पांढरी माशी, लाल कोळी ही मऊ अंगाची मंडळी अशीच मरतात. पण हे सारे साबण ओला आहे तोवरच. वाळला की त्याचा जोर संपला. म्हणून पानांची पाठ, देठाचे बेचके, कळीचे बूड असे सगळे भिजवावे लागते. मेणाचा थर जाड असेल तिथे आधी जुन्या टूथब्रशने घासून घ्यावे. फार आखडलेला शेंडा सरळ कापून टाकावा. तास-दोन तासांनी झाड साध्या पाण्याने धुवावे. नेचे आणि पाण्यावाचून कोमेजलेली झाडे यांना साबण सोसत नाही. नव्या झाडाच्या दोन पानांवर आधी फवारून एक दिवस वाट पाहावी.

अंड्यांवर साबणाचा परिणाम होत नाही. ती फुटून पिल्ले बाहेर येतात, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. मुंग्यांची वाटही साबणाच्या फडक्याने पुसावी. मागचा वास पुसला की रांग विस्कटते आणि मुंग्यांचा पहारा उठला की मित्रकिडे झाडावर येतात.

त्या मित्रकिड्यांसाठी नजर तयार हवी. द्राक्षबागायतदार ज्याला क्रिप्टोलीमस म्हणून ओळखतात, त्या ढालकिड्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, मेणकट दिसते. पण ती आकाराने मोठी असते, भराभर चालते आणि ढेकूणच खाते. अशी अळी दिसली तर ती फांदी साबणाविना सोडावी.

शेतात साबण बहुधा मदतनीस म्हणून असतो. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून १०० लिटर अर्क करतात, तेव्हा त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालतात. त्यामुळे कडू अर्क पानावर पसरतो आणि चिकटतो. खोडात शिरलेल्या किडीला किंवा टणक कवचाच्या भुंगेऱ्याला मात्र साबण काही करू शकत नाही.

फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाने पुन्हा उलटून पाहावीत. जिथे जिवंत कीड सापडेल, तिथे आदल्या दिवशी पाणी पोचलेले नसते. प्रमाण वाढवल्याने ती जागा भिजत नाही, उलट पाने करपतात. तेच सौम्य पाणी घेऊन नेमके तिथे भिजवावे.