चढणीवर इंजिन ओरडते, गाडी मात्र हलत नाही : जुन्या पिकअपच्या क्लचची ओळख



शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा धडगावच्या पाड्यांकडे जाणारा सातपुड्याचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुन्या पिकअपचे मोल सांगायला नको. तीच गाडी वसतिगृहाचे धान्य नेते, औषधांची पेटी नेते आणि वेळ आली तर अडलेल्या बाळंतिणीलाही दवाखान्यात पोहोचवते. अशा वाटेवर गाडीचा सर्वांत जास्त छळ होतो तो क्लचचा. म्हणून वर्षाच्या हिशेबात ‘क्लच दुरुस्ती’ ही ओळ दिसली तर तिच्यामागे काय असते, हे समजून घेऊ या.

इंजिनमागे फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. या पकडीतूनच इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून पकड सोडवते. पेडल सोडले की पकड पुन्हा बसते. क्लचची बहुतेक दुखणी दोनच : पकड नीट बसत नाही किंवा ती पूर्ण सुटत नाही.

पकड बसत नसेल तर क्लच घसरतो. इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. भरलेल्या गाडीत, चढणीवर, वरच्या गिअरमध्ये हे आधी जाणवते. पुढे जळका वास येतो. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागी चाकांना दगड लावा, हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देत पेडल हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. समोर कोणाला उभे करू नका आणि ही परीक्षा वारंवार करू नका, प्लेट तापते.

पकड सुटत नसेल तर गिअर खरखरतो, विशेषतः रिव्हर्स टाकताना. पेडल दोन-तीनदा पंपासारखे दाबल्यावर गिअर पडत असेल, तर तेलाच्या नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरची रबरे गेली आहेत.

आवाजही बोलतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल दाबताच आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे पाहावे. गाडी सुटताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल सांडलेले असू शकते, किंवा इंजिनची माउंटिंग सैल असू शकतात.

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात. केबलच्या गाडीत पेडलला थोडी मोकळी ढील हवी. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ढील अजिबात नसेल तर बेअरिंग सतत दाबलेले राहून क्लच घसरतो. फार असेल तर गिअर अडतो. पुष्कळदा केबलचा नट फिरवण्याने काम भागते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये डबीतील पातळी पाहा. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरला आणि गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला ओल आहे का, तेही पाहा. त्यात डबीवर लिहिलेलेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिन ऑइल घातले तर रबरे फुगून सगळेच बिघडते. गळती बंद केल्यावर हवा काढायला विसरू नये.

एवढे करूनही घसरणे थांबले नाही तर गिअरबॉक्स उतरवणे आले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. एकाच वस्तूसाठी दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवणे महाग पडते. फ्लायव्हीलवर चरे किंवा तापल्याचे निळे डाग आहेत का, तेलाचे सील गळते का, हे त्याच वेळी पाहावे. सील तसेच ठेवले तर नवी प्लेटही तेलाने भिजेल. प्लेट मध्यभागी बरोबर बसवून बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मजबूत स्टँड लावावेत. जुन्या प्लेटच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकतो. ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी चालकाचा पाय. पेडलवर पाय ठेवून चालवणे, चढणीवर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे, दुसऱ्या गिअरमध्ये सुटणे आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे या सवयी प्लेट लवकर खातात. चढणीवर थांबायचे तर हँडब्रेक ओढावा.

क्लच घसरू लागल्याची पहिली खूण दिसताच गाडी घाटात पाठवू नये. सपाटीवर कशीबशी चालणारी प्लेट भरल्या गाडीला चढणीवर दगा देते, आणि तेव्हा मागे धान्याची पोती आहेत की रुग्ण, हे ती पाहत नाही. वेळेवर केलेला हा खर्च हिशेबात मोठा दिसला, तरी तो गाडी पाड्यापर्यंत पोहोचावी म्हणूनच केलेला असतो.