पंगतीतलं पान आणि फॉर्ममधली ओळ

गणेशोत्सवाच्या जेवणाची नोंदणी हल्ली संगणकावर होते. ‘आणखी एक सभासद’ हे बटण दाबलं की नवी ओळ उघडते. वाचकहो, खरी मेख त्यापुढेच आहे.

१९९७ साली ॲपलने नेक्स्ट कंपनी घेतली आणि वेबवरचे फॉर्म रचणारं ‘वेबऑब्जेक्ट्स’ आमच्या क्युपर्टिनोत आलं. ॲपलचं ऑनलाइन दुकान त्याच वर्षी त्यावर उघडलं. त्यात यादीतल्या रकान्यांची ओळख पंगतीतल्या पानांप्रमाणे जागेवरून ठरे. फॉर्म परत आला की सर्व्हर यादी पुन्हा पहिल्यापासून मोजे. मधल्या वेळात घरातल्या दुसऱ्या कुणी एक ओळ पुसली, तर पुढची उत्तरं एकेक जागा सरकत. ब्राउझरने परस्पर वाढवलेला रकाना तर मोजणीत धरलाच जात नसे.

म्हणजे आजोबांचा मधुमेह नातवाच्या नावावर, आणि नातवाची शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाच्याच नाही!

वेबऑब्जेक्ट्स २०१६ साली बंद झालं, पण साधन कोणतंही घ्या, हा धोका आहेच. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीला जन्मतःच कायमचा क्रमांक द्यावा, ती पुसली तरी तो दुसरीला देऊ नये, आणि आलेली प्रत्येक ओळ सर्व्हरने तपासून घ्यावी. फॉर्म तयार करणाऱ्या उत्साही मंडळींनी तो सर्वांना पाठवण्याआधी मधलीच एक ओळ पुसून पाहावी, एवढं आम्ही आवर्जून सांगू.