दोर, कप्पी आणि मनगट : अग्रबाहूच्या व्यायामाची यांत्रिक मीमांसा

हदगाव तालुक्यात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, आड हेच घरगुती पाण्याचे साधन होते त्या काळी पाणी शेंदणे हा अग्रबाहूचा, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाचा, रोजचा आणि सक्तीचा व्यायाम होता. तो बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येई, व त्याला व्यायाम असे कोणी म्हणत नसे. आडावरील रहाट, त्यावरून गेलेला दोर व दोराच्या टोकाचा पोहरा ही रचना आणि आजच्या व्यायामशाळेतील केबल मशीन यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्हींत कप्पी भाराची दिशा बदलते. भार मात्र हलका करीत नाही. नळ, विद्युत्पंप व विंधनविहिरी आल्या आणि रहाट मागे पडला. त्याची जागा यंत्राने घेतली असे सहज म्हणता येईल. पण दोहोंपासून हाताला मिळणारे बळ एकाच जातीचे नाही, आणि हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच यंत्राचा उपयोग पुष्कळदा चुकीच्या स्नायूंसाठी होतो.

अग्रबाहूतील स्नायूंचे दोन मोठे गट मानले जातात. तळहाताच्या बाजूचे आकोचक स्नायू मुख्यतः कोपराच्या आतील उंचवट्यापाशी, तर पाठीमागील प्रसारक स्नायू बाहेरील उंचवट्यापाशी उगम पावतात. दोहोंच्या लांब कंडरा मनगट ओलांडून तळव्यापर्यंत वा बोटांपर्यंत जातात. पोहरा ओढताना बोटे दोरावर आवळलेली असतात आणि मनगट फारसे हलत नाही. श्रमाचा मोठा वाटा बोटांच्या आकोचकांवर पडतो, आणि तोही जागच्या जागी आवळून धरण्याचा. या प्रांतातील जुन्या साधनांचीही गोष्ट तीच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली तो मल्लखांब, विशेषतः त्याचा दोरीवरील प्रकार, आखाड्यातील माती खणणे, तालमीतील दोरचढ, ही सर्व पकडीची साधने होत. लेझीम आज ठेक्याची व मिरवणुकीची झाली असली, तरी तिचे जड लोखंडी साखळीचे रूप हे बळ कमावण्याचे साधन होते.

पकड म्हणजे केवळ आकोचकांचे काम, ही समजूत मात्र अपुरी आहे. मनगट आतल्या बाजूस पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी. मुठीतील जोर तत्काळ निघून जातो. आकोचक आधीच आखडलेले असल्यामुळे त्यांना आणखी आखडण्यास वाव उरत नाही. मनगट सुमारे 20 ते 35 अंश मागे झुकलेले असता पकड सर्वांत घट्ट बसते, आणि मनगट त्या स्थितीत धरून ठेवतात ते प्रसारक स्नायू. तेव्हा प्रत्येक घट्ट मुठीमागे प्रसारकांचे मूक श्रम असतात. सोयाबीनच्या कापणीत दिवसच्या दिवस विळा धरणाऱ्या मजुराच्या कोपराच्या बाहेरील बाजूस जे दुखणे उद्भवू शकते, त्याचे मूळ बहुधा येथेच असते. वैद्यकात त्यास ‘टेनिस एल्बो’ असे नाव पडले आहे. ते होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते, हा भाग निराळा.

भार, दोर व कप्पी यांची व्यायामयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर यांनी 1865 मध्ये यंत्रोपचाराची संस्था काढली. हार्वर्ड विद्यापीठात 1879 पासून डडली सार्जंट यांनी कप्प्यांच्या यंत्रांचा पुरस्कार केला. यांतील विचार भार वाढविण्याचा नव्हता, तर भार ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बेतण्याचा होता.

केबल मशीनवर ताण आरंभापासून अखेरपर्यंत सारखा राहतो, असे व्यायामशाळांतून सांगितले जाते. दोरातील ताणापुरते ते ठीक आहे. स्नायूला मात्र दोराचा ताण नव्हे, तर सांध्याभोवतीचे परिबल पेलावे लागते, आणि ते दोर व हात यांमधील कोनावर अवलंबून असते. मनगटापासून पकडीपर्यंतचे अंतर 8 सेंटिमीटर व भार 5 किलोग्रॅम धरल्यास, दोर हाताशी काटकोनात असता परिबल सुमारे 3.9 न्यूटन-मीटर भरते; कोन 30 अंशांवर आला की ते निम्मे होते, आणि दोर हाताच्या रेषेत आला की शून्य. डंबेलचा ओढ नेहमी सरळ खाली असल्यामुळे अग्रबाहू आडवा टेकवून केलेल्या व्यायामात सर्वांत कठीण जागा हात आडवा असतानाच येते. यंत्रावर ही जागा बाक पुढेमागे सरकवून निवडता येते. केबलचा खरा लाभ हाच होय.

प्रसारकांसाठी या तत्त्वाचा उपयोग असा करता येतो : कप्पी तळाशी ठेवून तिच्यासमोर बाकावर बसावे, अग्रबाहू मांडीवर आडवा टेकवावा, तळहात खाली व मनगट गुडघ्याच्या पुढे असावे. बाक इतकाच मागे घ्यावा की दोर उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंश कप्पीकडे कलेल. म्हणजे हात तितकाच वर उचललेला असता दोर त्याच्याशी काटकोनात येतो, आणि ज्या स्थितीत पकड उत्तम बसते त्याच स्थितीत प्रसारकांवर सर्वाधिक भार पडतो. भार हलका, आवर्तने 15 ते 20, आणि आठवड्यातून दोनतीन दिवस, एवढे आरंभी पुरे. आकोचकांसाठी तळहात वर करून हीच क्रिया अधिक भाराने करता येते. तिचे वर्णन लांबविण्याचे कारण नाही, कारण व्यायामशाळेत तेवढीच काय ती आवडीने केली जाते.

अग्रबाहूच्या पिळाची, म्हणजे तळहात वर-खाली फिरविण्याची, गोष्ट वेगळी आहे. साध्या मुठीला मध्यभागी दोर बांधला तर ओढ फिरण्याच्या अक्षातूनच जातो आणि कितीही वजन लावले तरी पीळ उत्पन्न होत नाही. त्यासाठी आखूड दांडा एका टोकाशी धरून दोर दुसऱ्या टोकाला बांधावा लागतो.

यंत्रावरील आकड्यांविषयीही सावध असावे. जेथे एक कप्पी चल असते तेथे हाताशी येणारा भार पट्ट्यांवरील वजनाच्या निम्मा भरू शकतो. म्हणून दोन व्यायामशाळांतील आकड्यांची तुलना व्यर्थ होय. दुसरे असे की, कप्पीतील घर्षणामुळे भार उचलताना हाताला वजनापेक्षा अधिक ओढावे लागते, तर उतरविताना कमी पेलावे लागते. कोपराच्या उपर्युक्त दुखण्यात भार सावकाश उतरविण्याची क्रियाच विशेष उपयोगी मानली जाते, आणि गंजलेले यंत्र नेमकी तीच हलकी करून टाकते. रहाटाच्या कण्याला वेळोवेळी वंगण लागे. यंत्राच्या कप्प्यांनाही ते लागते.